बाळाच्या लशींच्या तारखा होत्या, माझ्या तपासणीची नव्हती

सातव्या महिन्यात शुगर निघाली, शेवटचे दोन महिने इन्सुलिन घेतलं, मुलगी सुखरूप झाली. त्याबद्दल काही तक्रार नाही. डिलिव्हरी झाल्यावर शुगर लगेच खाली आली, इन्सुलिन बंद झालं आणि घरात सगळ्यांनी तो विषय तिथेच संपवला.

डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या लशींच्या तारखा लाल पेनाने लिहिल्या होत्या. माझ्यासाठी एकच ओळ, ‘सहा आठवड्यांनी फॉलोअप’. कसला, ते लिहिलं नव्हतं. दीड महिन्याच्या लशीला गेलो तेव्हा बाळाच्या डॉक्टरांनीच विचारलं, "तुमची ग्लुकोजची टेस्ट झाली का?" नसती विचारली तर मी आजही गाफील असते.

आणि मग ती लॅब. सहकारनगरात घराजवळ होती म्हणून तिथे गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ती टेस्ट प्रेग्नन्सीत करतात मॅडम, आता तर डिलिव्हरी झाली ना?" चिठ्ठी दाखवली. तिने उपाशीपोटीचं रक्त घेतलं आणि सांगितलं, "आता जेवून दोन तासांनी या." मी विश्वास ठेवला. पुन्हा रिक्षा, पुन्हा बाळाचं गाठोडं, पुन्हा सुई. रिपोर्ट आला ९६ आणि १२८. घरी आनंदीआनंद!

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, "ही जेवणानंतरची आहे. मला पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी हवी होती." परत त्याच लॅबमध्ये. तेव्हा ग्लुकोजचं पाकीट संपलेलं. "त्याऐवजी शुगरची तीन महिन्यांची सरासरी काढू का?" असं विचारलं. डॉक्टरांना फोन केला म्हणून वाचले. बाळंतपणात रक्त जातं, शिवाय त्या तीन महिन्यांत गरोदरपणाचेही दिवस धरले जातात, त्यामुळे इतक्या लवकर त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. रात्रभर दर दोन तासांनी उठलेली बाई सकाळी उपाशी येते, काउंटरवर उभी राहते आणि तिला परत पाठवतात. त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले. अजूनही त्या गल्लीतून जाताना चीड येते.

तिसऱ्यांदा केमिस्टकडून ग्लुकोज स्वतः घेऊन गेले, तेही दुसऱ्या लॅबमध्ये. ७५ ग्रॅम मोजून पाण्यात ढवळलं, पाच मिनिटांत संपवलं. इतकं गोड की जिभेवर साय धरल्यासारखं वाटलं. दोन तास तिथेच बसायचं, फिरायचं नाही, खायचं नाही. ओढणीआड बाळाला पाजलं, ते चालतं. आईला सोबत नेलं होतं म्हणून निभावलं. तुम्हीही कुणाला तरी न्याच.

उपाशीपोटी ९५, दोन तासांनी १६२. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. जेवणानंतरच्या १२८ वर मी समाधान मानून बसले असते तर हे कळलंच नसतं. गरोदरपणात शुगर निघालेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो. म्हणून यंदा निकाल चांगला आला, तरी दर एक ते तीन वर्षांनी तपासायचंच. माझी दरवर्षी आहे.

राहून गेलं ते सांगते. टेस्टच्या आधी तीन दिवस पोळी-भात नेहमीसारखा खा, कमी करून आकडा सजवू नका. पुन्हा दिवस राहायचे असतील तर त्याआधी शुगर बघा. शक्य तितके महिने अंगावर पाजा, त्याने आईचाही धोका कमी होतो. आणि चिठ्ठीवर ‘७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तास’ असं डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

सासूबाईंना ‘डिंकाचे लाडू नकोत’ हे सांगणं जड गेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आता सकाळी बाळाला तासभर त्या सांभाळतात, मी तळजाईच्या टेकडीवर चालून येते. पुढच्या टेस्टची तारीख मुलीच्या लसीकरण कार्डावरच, तिच्या तारखांखाली लिहून ठेवली आहे.