रँग्लरमधील व्ही-८ इंजिन बदल: पुलींची रांग जुळवताना

इंजिन आणि गिअरबॉक्स चॅसिसवर बसले तेव्हा अवघड काम उरकले असे वाटले होते, परंतु त्यानंतरचे तीन आठवडे इंजिनाच्या पुढच्या तोंडावरच खर्ची पडले. गाडी २००३ सालची जीप रँग्लर टीजे आहे. तिचे ४.० लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन उतरवून त्या जागी जनरल मोटर्सच्या ट्रकमधील ५.३ लिटरचे एलएम७ व्ही-८ बसवले आहे. हे इंजिन मला ‘सगळ्या जोडभागांसह’ मिळाले होते. पण ते जोडभाग एकाच गाडीतून उतरलेले नव्हते, हे बेल्ट चढवायला घेईपर्यंत लक्षात आले नाही.

आल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि वॉटर पंप यांच्या पुली एका रांगेत दिसत होत्या, मात्र क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली त्यांच्यापेक्षा बरीच आत होती. सहा खाचांच्या बेल्टमध्ये दोन खाचांतील अंतर ३.५६ मि.मी. असते, म्हणजे बेल्टची रुंदी साधारण २१ मि.मी. भरते, आणि येथे फरक १९ मि.मी.चा होता. बेल्ट जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका तिरपा धावला असता, त्यामुळे इंजिन चालू करून पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या दिवशी मी घाईने चुकीच्या बाजूने सुरुवात केली. आल्टरनेटरचे ब्रॅकेट मागे सरकत नाही, म्हणून क्रँकची पुलीच काहीतरी मध्ये घालून पुढे आणता येईल का, याचा विचार करत बसलो. या घराण्यातील इंजिनांचा बॅलन्सर, म्हणजे कंपने शोषणारे चाक ज्यावर क्रँकची पुली असते, क्रँकच्या नाकावर अडकवणाऱ्या खिट्टीशिवाय, केवळ घट्ट दाबून बसलेला असतो. त्याच्यामागे चकती घातली तर पकड तेवढीच कमी होते, आणि ज्या पकडीवर सगळे जोडभाग फिरतात तिच्याशी असा खेळ करणे योग्य नाही. तो विचार तेथेच सोडला आणि १९ या आकड्याकडे पुन्हा पाहिले.

१९ मि.मी. म्हणजे पाऊण इंच, आणि हे अंतर योगायोगाचे नाही. या इंजिनांच्या पुढच्या भागाचे तीन मुख्य संच आहेत. कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या संचात बेल्ट ब्लॉकला सर्वांत जवळून धावतो, १९९८ ते २००२ च्या कमॅरो या कारच्या संचात तो पाऊण इंच पुढे येतो आणि ट्रकच्या संचात दीड इंच पुढे. माझी ब्रॅकेटे आणि वॉटर पंप ट्रकचे होते, तर बॅलन्सर कमॅरोचा. प्रत्येक भाग स्वतःच्या जागी अगदी नीट बसत होता, कारण सिलिंडर हेडवरील एम१० बोल्टांची भोके सगळीकडे सारखीच आहेत, आणि म्हणूनच ही चूक लवकर पकडली जात नाही.

आता दोनच वाटा होत्या: एकतर बॅलन्सर बदलायचा, किंवा ब्रॅकेटे, वॉटर पंप आणि आल्टरनेटर हे सगळेच कमॅरोच्या संचातले घ्यायचे. दुसऱ्या वाटेने रेडिएटरसमोर थोडी जास्त जागा मिळाली असती, पण त्या संचात आल्टरनेटर डाव्या बाजूला खाली येतो. चिखलपाण्यातून जाणाऱ्या गाडीत, चॅसिसच्या दांड्यालगत तो ठेवणे मला पटले नाही. ट्रकच्या मांडणीत तो डावीकडे वर राहतो. शिवाय जुने सहा सिलिंडरांचे इंजिन एका ओळीचे आणि लांब असल्याने बॉनेटखाली लांबीची चणचण नाही. त्यामुळे ट्रकचा बॅलन्सर मागवला.

तो बसवताना केलेले मोजमाप येथे नोंदवून ठेवतो. आधी जुना बोल्ट वापरून ३३० न्यूटन-मीटरपर्यंत दाबून तो पूर्ण आत घेतला. मग बोल्ट काढून क्रँकचे टोक बॅलन्सरच्या तोंडापासून किती आत आहे ते मोजले. ते २.४ ते ४.४८ मि.मी.च्या दरम्यान हवे, माझे ३.२ आले. त्यानंतर नवा बोल्ट ५० न्यूटन-मीटर आणि वर १४० अंश. हा बोल्ट ताणला जाणारा असल्याने पुन्हा वापरायचा नसतो.

यानंतरही स्टिअरिंग पंपाची पुली ३ मि.मी. बाहेर निघाली. येथे मोजण्याची पद्धत महत्त्वाची ठरली, कारण सुरुवातीला मी सरळपट्टी पुलींच्या पुढच्या कडेला लावली होती आणि कडांची जाडी प्रत्येक पुलीवर वेगळी असल्याने ती फसवत होती. पहिल्या खाचेच्या तळापासून मोजल्यावरच खरा फरक दिसला. पंपाची पुली दुसऱ्या कुठल्यातरी पंपावरची होती आणि तिच्या मधल्या नळीची खोली वेगळी होती. पंपाच्या दांड्याचे टोक पुलीच्या तोंडाशी सपाट आले तरी खाचा बाहेरच राहत. ती ओढून काढली व योग्य पुली दाबून बसवली. आता सर्वांत मोठा उरलेला फरक अर्ध्या मि.मी.पेक्षा कमी आहे. दर फुटाच्या अंतराला १/१६ इंच ही जी मर्यादा मी पाळतो, तिच्या तो बराच आत आहे.

त्याच पंपाच्या दाबाच्या नळीने आणखी एक सापळा दाखवला. हाताशी असलेल्या जुन्या नळीच्या जोडाचे आटे ५/८ इंचाचे, इंचाला १८ असे होते, तर पंपाला एम१६ आणि १.५ मि.मी.चे आटे हवे होते. व्यास फक्त आठव्या भागाइतक्या मिलिमीटरने वेगळा असल्याने जोड हाताने एक-दीड फेरा सहज गेला आणि मग अडला. पाना लावला असता तर पंपाचे आटे गेले असते. जोड हाताने पूर्ण फिरत नसेल तर आटे मापून घ्यावेत, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

विजेची बाजू त्यामानाने लवकर निपटली. टीजेच्या मूळ आल्टरनेटरचे नियमन गाडीचा संगणक करतो, म्हणून तो नव्या इंजिनावर उपयोगाचा नव्हता. ट्रकच्या आल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आतच असतो. त्याच्या ‘एल’ टोकाला चार्जिंगच्या दिव्यातून जोडणी दिली. त्या टोकाला थेट बारा व्होल्ट देऊ नयेत, रेग्युलेटर जळू शकतो.

बेल्टची लांबी मी जाड सुतळी त्याच वाटेने फिरवून, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी स्प्रिंगची कप्पी) त्याच्या पल्ल्याच्या मध्यावर धरून मोजली. इंजिन पहिल्यांदा चालू झाले तेव्हा बेल्ट खाचांत स्थिर राहिला. गरम झाल्यावर हलकी चिवचिव ऐकू आली, म्हणून खाचांवर पाण्याचा फवारा मारला. पाण्याने आवाज क्षणभर थांबून परत आला असता तर रांग चुकलेली असती. येथे तो उलट वाढला, म्हणजे बेल्ट घसरत होता. टेन्शनरची स्प्रिंग थकलेली निघाली, नवा टेन्शनर बसवल्यावर आवाज पूर्ण गेला.

एसीचा कॉम्प्रेसर मात्र अजून बाकावरच आहे. ट्रकच्या मांडणीत तो उजवीकडे खाली, स्वतंत्र चार खाचांच्या बेल्टवर चालतो आणि या चॅसिसच्या दांड्याला अडतो. त्याला उजवीकडे वर, मुख्य बेल्टच्याच रांगेत आणायचे आहे. पुठ्ठ्याचा नमुना कापून झाला आहे, लोखंडाच्या पट्टीवर आखणी पुढच्या आठवड्यात करीन.