हाडात अडकलेले दात

मूल दीड वर्षाचं, तोंडात एकही दात नाही, आणि आजीचं म्हणणं एवढंच की हिरडीला बारीक चीर देऊन टाका. कुणीतरी त्यांच्या डोक्यात तसं भरवलं होतं. ‘ताका दांत कित्याक येनात, दोतोर?’ म्हणत त्यांनी नातवाला माझ्या पुढ्यात धरलं. डिचोलीतल्या माझ्या दवाखान्यात उशिरा येणाऱ्या दातांची तक्रार नेहमीचीच. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो. वर्ष उलटलं तरी मी सहसा घाबरत नाही. दीड वर्षाला मात्र तपास करायचाच.

तोंडात बघण्याआधी मी लहान मुलांसमोर आरसा हलवते. बहुतेक जण तो हिसकावून घेतात. या बाळाने बघितलंच नाही. टॉर्च डावीकडून उजवीकडे नेला, तरी नजर मागोमाग आली नाही. बुबुळं आपली आपण थरथरत होती. ड्रॉवरच्या किल्ल्या वाजवल्या, तशी मान लगेच वळली. कपाळ पुढे आलेलं, ओठ फिकट, पोट फुगलेलं. दातांच्या डॉक्टरने पोटाला हात लावू नये असा काही नियम नाही. झबलं वर केलं, तर डाव्या बरगडीखाली प्लीहा चांगलीच हाताला लागली.

आईच्या मांडीवर बसवून, दोघांना शिशाचा एप्रन घालून, कसाबसा एक एक्स-रे काढला. एरवी हाड करडं, जाळीदार दिसतं आणि उगवू पाहणाऱ्या दाताभोवती काळी किनार असते. इथे जबडा सलग पांढरा. निरखून पाहिल्यावर त्या पांढऱ्यात दुधाच्या दातांचे माथे ओळखू आले. दात होते, वाट नव्हती.

दात काही हाड ढकलून वर येत नाही. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी वरचं हाड खाऊन त्याला रस्ता करून देतात. ऑस्टिओपेट्रोसिस या जनुकीय आजारात गवंडी कामावर हजर आणि जुनं पाडणारे मजूर गायब. हाड दाट होत जातं, तरी ठिसूळच. आतली मज्जेची जागा बुजते, रक्त कमी पडतं, ते बनवायचं ओझं प्लीहा-यकृतावर येतं. डोळ्याच्या नसेची वाटही आवळली जाते. 1904 मध्ये अल्बर्स-शॉनबर्ग या जर्मन क्ष-किरणतज्ज्ञाने या आजाराचं वर्णन केलं, तेही एक्स-रेवरूनच. अशा जबड्याला रक्तपुरवठा तोकडा. दात उघडे करायला चिरफाड केली आणि संसर्ग हाडात शिरला, तर तो बरा होता होत नाही.

‘लग्न नात्यातलं का?’ मी आईला विचारलं.

‘सख्ख्या आत्याकडेच दिलीय मला.’

म्हणजे चिरेचा आग्रह धरणाऱ्या या आजी तिच्या आत्याच. त्या एकदम गप्प झाल्या.

बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, बालरोग विभागासाठी चिठ्ठी लिहिली आणि खाली लाल शाईने घातलं: जबड्याला कुणीही हात लावू नये. पुढे तपासणीत टीसीआयआरजी1 या जनुकातला दोष निघाला. या आजाराच्या बालपणीच्या जीवघेण्या प्रकारात निम्म्याहून अधिक वेळा तोच सापडतो.

बाप दुकानदार, आकड्यांचा पक्का. आई-बाप दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः धडधाकट पण दोघांकडे त्या जनुकाची एकेक सदोष प्रत असली, की दर बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक, हे त्याला पटकन कळलं. ऑस्टिओक्लास्ट रक्ताच्याच मूळपेशींतून तयार होतात, म्हणून इलाज मज्जा-प्रत्यारोपणाचा. थोरल्या मुलीची मज्जा जुळायची शक्यता किती, त्याने विचारलं. तीही चारात एक. ‘हाही हिशेब तोच?’ तो म्हणाला.

मुलीची जुळली. प्रत्यारोपण गोव्याबाहेर झालं. गेलेली दृष्टी परत आली नाही. उजेड-अंधार तेवढा कळतो. खालचे दोन दात पुढे कधीतरी आले, खडबडीत, तपकिरी खड्ड्यांचे. मी त्यांना फ्लोराइड लावते, आईला ब्रश कसा धरायचा ते पुन्हा दाखवते. आजींना आता उरलेल्या अठरांची घाई झाली आहे. त्यांना मी तारीख देत नाही.