चार वेळा तडकलेली फरशी

सलग तीन वेळा माझ्या मातीच्या फरशीला भेग गेली. चिकणमाती मन लावून मळायची, सेंटीमीटरभर जाड लाटायची, फळीवर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी कडेपासून आत गेलेली भेग बघायची. माती फार वाळते म्हणून फुटते, असं मी धरून चालले होते. चौथ्या खेपेला फरशीवर सुईने 10 सेंटीमीटरची रेघ ओढली आणि शेजारी ठाण मांडून बसले.

भेग पडली तेव्हा माती हाताला चक्क गार, ओलसर लागत होती! कडेला माझ्याच बोटाने पडलेला एक खळगा होता, तिथूनच केसाएवढी सुरुवात झाली. सरकताना ती दिसत नव्हती. उठून परत आले की नखभर पुढे गेलेली असायची. पूर्ण वाळल्यावर रेघ मोजली, तर 9.4 सेंटीमीटर.

पाणी उडतं तसं कणांमधल्या फटींत उरलेलं पाणी त्या कणांना जवळ ओढतं, आणि माती आकसते. सगळी एकदम आकसली तर फरशी नुसती लहान होईल. पण कडा आधी वाळतात, मधला भाग ओलाच असतो, तळ फळीला चिकटलेला. आकसू पाहणाऱ्या मातीला कुणीतरी धरून ठेवलेलं असतं. तो ताण जिथे सोसवत नाही, तिथे तडा जातो.

उरलेला गाळ मी ताटलीत पसरला होता. जाड थरात मोठे तुकडे पडले, पातळ थरात बारीक, आणि अगदी पातळ कडेला एकही भेग नाही. नंतरच्या भेगा आधीच्या भेगांना जवळजवळ काटकोनात येऊन मिळाल्या होत्या. भेगेलगत तिच्या आडव्या दिशेचा ताण सुटलेला असतो, तिच्या लांबीच्या दिशेचा तेवढा उरतो. म्हणून हा काटकोन. कुठली भेग आधीची, हे सांध्यावरून वाचता येतं. हे कळल्यावर मी ती ताटली कितीतरी वेळ हातात धरून बसले होते.

पाचव्या वेळी मातीत भाजलेल्या मातीची भुकटी, म्हणजे ग्रॉग, मिसळली. फळीवर कागद, त्यावर कोरडी वाळू, म्हणजे तळाला सरकायला वाव. कडा ओल्या स्पंजने गुळगुळीत केल्या आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी झाकल्या. रोज फरशी उलटवायची, एवढंच काम. आठ दिवस लागले.

रेघ या वेळी 9.5 सेंटीमीटर भरली. एक कोपरा जरासा उचललाय, पण भेग कुठेच नाही.