मधली रेघ

दुपदरी राज्य महामार्गावर समोरून येणारा ट्रक आणि आपण यांच्यात असतं काय? रंगाची एक रेघ, तीही वीतभर रुंद नाही. दुभाजक नाही, कठडा नाही. दोघेही ताशी ८० किलोमीटरने निघाले असतील, तर मधलं अंतर दर सेकंदाला ४४ मीटरने घटत असतं. आणि आपण एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्याने गाणं बदलत असतो! ओळख ना पाळख, तरी समोरचा आपल्या बाजूनेच जाणार याची खात्री. एवढा भरवसा माणूस सख्ख्या भावावर टाकत नाही.

ही रेघ सुचली ती मोटारी धडकायला लागल्यावर. अमेरिकेत मिशिगन राज्यात एडवर्ड हाइन्स यांनी १९११ साली रस्त्याच्या मधोमध ती मारून घेतली. गळक्या दूधगाडीची पांढरी धार पाहून त्यांना ही कल्पना आली म्हणतात. दंतकथा असेल, पण झकास आहे. पुढे १९१७ मध्ये त्याच राज्यात केनेथ सॉयर यांनी ग्रामीण राज्य महामार्गावरच्या एका वळणावर रेघ आखली. वळणाचं नाव होतं ‘डेड मॅन्स कर्व्ह’, म्हणजे मेलेल्याचं वळण, तेव्हा कारण विचारायला कोणी आलं नसावं.

या रेघेचा खरा कस लागतो तो जंगलातून शेतात आणि शेतातून जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावर. जंगलात वळणावर वळण, म्हणून रेघ सलग, म्हणजे पुढच्याला ओलांडायची बंदी. पाऊस थांबून तास उलटला तरी सावलीतलं डांबर ओलंच. त्यात पुढे गवताचे भारे लादलेला ट्रॅक्टर. काड्या उडून काचेवर येतात, मागे रांग वाढते आणि भली भली माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटू लागतात. मग झाडी एकदम संपते, रस्ता सरळ होतो, रेघ तुटक होते. घ्या, मिळाली परवानगी! पण तिच्यावरही डोळे मिटून विसंबू नये. रेघेचे तुकडे गाडीतून जेमतेम दोन-तीन फुटांचे भासतात; अमेरिकेतल्या महामार्गांवर ते चांगले १० फुटांचे असतात आणि मधली फट ३० फुटांची. वेगात अंतराचा अंदाज असा चुकतो. शिवाय शेत काही कायम मोकळं नसतं. कापणीनंतर दूरवरचं दिसणारा फाटा मका डोक्याएवढा वाढला की पार झाकला जातो. फलक तोच, रेघ तीच, फक्त बाजूच्या रस्त्याने येणारा दिसत नाही.

रात्री तर मधल्या रेघेचाच धोका होतो. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, नजर तिला धरून ठेवते आणि गाडीही तिच्याकडे सरकते. म्हणून कडेलाही पांढरी रेघ हवी, असा आग्रह जॉन डॉर यांनी १९५० च्या दशकात धरला. हे गृहस्थ मुळात रसायनतज्ज्ञ. रस्त्यावरचं शहाणपण बऱ्याचदा असं रस्त्याबाहेरच्या माणसांकडून आलंय.

हरणांना मात्र दोन्ही रेघांचं सोयरसुतक नाही. दिवसभर झाडीत राहायचं, संधिप्रकाशात पिकात शिरायचं, आणि मध्ये आपला महामार्ग. त्यांच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून दिव्यात आधी चमकतात ते डोळे. तेवढ्यात वेग कमी करावा. आणि एक हरीण उडी मारून पलीकडे गेलं की लगेच निघू नये. मागून दुसरं येतंच.