तिसऱ्या बाकावरून

गुरुवार, रात्री दहा

आज चर्चच्या क्वायरच्या, म्हणजे गाणाऱ्यांच्या, सरावाला गेले नाही.

खेडा खरेदीवाल्याची, म्हणजे गावातच कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याची, गाडी दोनला येणार होती, ती पाचला आली. काट्याजवळून हलता येत नाही. आपण पाण्याचा तांब्या आणायला वळलो की तेवढ्यात दोन किलो कुठं जातात ते काटेवाल्यालाच ठाऊक. दुसऱ्या वेच्याचा खोलीभर कापूस. शेवटचं गाठोडं गाडीत चढलं तेव्हा आठ वाजून गेले होते. या आठवड्यात शेताला विजेची रात्रीची लाइन आहे, म्हणून सरांनी सातचा सराव सहाला आणला होता. ओलितवाल्यांना जेवून वेळेवर पंपावर पोचता यावं, एवढा विचार त्या माणसानं केला होता.

मी कळवलंही नाही. फोन कोनाड्यात चार्जिंगला होता, काट्यापासून दहा पावलांवर. आठवण झाली नाही असं नाही. सहाच्या ठोक्याला आठवण झाली. बावीस वर्षं आल्टोत, बायकांच्या खालच्या आवाजात, उभी राहते, एका गुरुवारानं काय होते, असं मनात आलं आणि पुढचं गाठोडं उचललं.

रविवार, संध्याकाळ

सकाळचं अजून उतरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

सव्वानऊला चर्चमध्ये पोचले. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार, शिवाय प्रभुभोजन, म्हणून पांढरी साडी. वेदीच्या डाव्या अंगाला आमचा बाक. पाहते तर माझ्या जागी माझी वही नाही. ती खाली होती. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर, बायबलवर नीट ठेवलेली. सर पेटीच्या भात्याशी खुटखुट करत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. कोणी काही बोललं नाही. मी खाली जाऊन बसले. थंडीतही कान तापले होते.

शेजारच्या आत्याबाईंनी विचारलंच, "काहून वं, आज खालीच? घसा बसला काय?"

मी मान हलवली. उपासना सुरू व्हायच्या आधीच एक खोटं झालं.

"गुरुवारी नाही तर रविवारी नाही" हा नियम दोन वर्षांपूर्वीचा. टेनरमधला, पुरुषांच्या वरच्या आवाजातला, एक पोट्टा तालुक्याला दुकानात कामाला लागला आणि सरळ रविवारीच उगवायला लागला. त्या वेळच्या बैठकीत सर्वांत मोठा आवाज माझा होता. "पाहुण्यासारखं यायचं असलं तर पाहुण्यासारखं खाली बसावं," हे माझंच वाक्य. सरांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं की काय कोण जाणे.

पण मला लिहायचं आहे ते वेगळंच. बावीस वर्षांत मी आमची क्वायर खालून पाहिलीच नव्हती.

आमची उपासना दीड तासाची. त्यात गीतं चार, फार तर पाच. म्हणजे आम्ही गातो जेमतेम वीस मिनिटं. उरलेला तासाहून जास्त वेळ आम्ही अकरा जण मंडळीकडे तोंड करून नुसते बसलेले असतो. वर बसलं की वाटतं, गाणं संपलं, आता आपल्याकडे कोण पाहतं? सगळे पाहतात. दुसरीकडे पाहायला काही नसतंच.

बासमधले, पुरुषांच्या खालच्या आवाजातले, एक जण पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत पुढच्या गीताचं पान शोधत होते. पानांचा आवाज खाली तिसऱ्या बाकापर्यंत येतो, मला ठाऊक नव्हतं. सोप्रानोतल्या, बायकांच्या वरच्या आवाजातल्या, दोघी प्रवचन सुरू झाल्यावर कानाला लागल्या. एकीनं हसू दाबलं, ते तोंडापेक्षा खांद्यावर जास्त दिसलं. एकाचा पाय हलतो. इतका हलतो की आपलंही लक्ष शब्दावरून उडून त्या पायावर जातं. आणि खर्रा. गीताच्या आधी एकानं हळूच खिडकीकडे तोंड वळवलं. उपासना सुटल्यावर मी मुद्दाम बाहेरून जाऊन पाहिलं. खिडकीखाली भिंतीवर ताजा लाल ओघळ आणि गजात खोचलेली पन्नी. वर "पवित्र, पवित्र" गायचं आणि गालात अर्धा खर्रा तसाच! तंबाखूनं घसा सुटतो म्हणतात ही मंडळी. सुटत नाही, सुकतो. हे त्याला किती वेळा सांगितलं.

गाण्याचंही खालून वेगळं कळलं.

दुसरं गीत ना. वा. टिळकांचा अभंग होता. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्याआधी ते काही काळ आपल्या नागपुरातच होते, हे सर दर नाताळाला सांगतात, जणू काल भेटून आले. अभंग भजनी चालीवर सुरू झाला आणि सगळी मंडळी एकदम जागी झाली. म्हाताऱ्या बायकांनी टाळ्या धरल्या. सोप्रानोतल्या वहिनींनी एक हरकत घेतली, तीही तिथं शोभली. अभंगात एकानं पुढं जायचं, बाकीच्यांनी मागून यायचं, ती रीतच आहे.

मग तिसरं गीत. जुनं, विलायती चालीचं, चार आवाजांचं. वहिनींनी तिथंही तशीच हरकत घेतली आणि बाकी तिन्ही आवाज क्षणभर कोपऱ्यात गेले. गोड होतं, खोटं कशाला बोलू. पण चार आवाजांत एकाचा आवाज ओळखू आला की तिथं चूक झाली. वर उभं असताना मला वहिनींचा आवाज कधी जास्त वाटला नव्हता. मी त्यांच्या मागं असते ना.

शिवाय "ख्रिस्त" हा शब्द. सर यावर इतका जीव का काढतात ते आज कळलं. ओळीच्या शेवटी "ख्रिस्त" आला की "स्त" सगळ्यांचा एकाच क्षणी पडला पाहिजे. पुढं-मागं झाला की "स्स्स" असा फुत्कार होतो आणि शेवटी एखादा "त" एकटाच येऊन पडतो, उशिरा आलेल्या माणसाच्या चपलेसारखा. आज एक "त" तसा आला. माझा नव्हता, मी खाली होते. त्याचा थोडा आनंद झाला, हे लिहूनच टाकते.

आणि श्वास. लांब स्वरावर एका आवाजातल्या सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर मधेच भोक पडतं. म्हणून गुरुवारी ठरतं: तू इथं घ्यायचा, तिनं पुढच्या शब्दानंतर, तिसरीनं त्याच्याही पुढं. शेजारीण घेते तिथं आपण घ्यायचा नाही. वहीत शब्दावर पेन्सिलीनं छोटी खूण करतो. मी तिसऱ्या बाकावर माझी वही उघडली. आजच्या गीतावर एकही खूण नव्हती. वर उभी राहिले असते तर सवयीनं घेतला असता कुठंतरी, बहुधा दुसरीच्याच जागेवर. नियम केला तेव्हा मला तो हजेरीचा वाटला होता.

उपासना सुटल्यावर चहाच्या वेळी आत्याबाईंना विचारलं, मी वर कशी दिसते? त्यांनी जरा वेळ घेतला.

"तू त झोपतंस. आमाले सुरुवातीले वाटे, प्रार्थना करून रायली. मंग तुही मान पडे."

बावीस वर्षं!

घरी आल्यावर बायबलातल्या १ इतिहासाचा २५ वा अध्याय काढला. नियम करताना सरांनी तो वाचला होता. दाविदाच्या वेळचे गाणारे २८८, त्यांच्या २४ पाळ्या, दर पाळीत १२ जण. हिशेब लक्षात राहिला होता माझ्या. पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवल्या हेही लक्षात होतं. पण त्या चिठ्ठ्या टाकताना लहान-मोठा, शिकवणारा-शिकणारा असा भेद केला नाही, हे त्याच अध्यायात आठव्या वचनात आहे, ते मी त्या दिवशी ऐकलंच नव्हतं. तेव्हा मी त्या पोट्ट्याकडे पाहत होते.

तरी एक सांगते. सरांचं सगळं मला पटत नाही. त्यांचं लहानपण मोझरीकडच्या गावात गेलं. शेजारी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना चाले, तिथली रांग, तिथली शांतता, वेळेवर सुरुवात, हे सगळं त्यांच्या अंगात मुरलं आहे. चांगलंच आहे. पण प्रार्थनेला रोज संध्याकाळी जो येईल तो बसतो, न येणाऱ्याची जागा दुसरा भरतो. आमच्या तीन आल्टोंतली एक गेली की दोनच उरतात. आणि आमचे गुरुवार आमच्या हातात कुठं असतात? लाइनचं वेळापत्रक, वेचणीची मजुरीण, व्यापाऱ्याची गाडी, गाय विणं, सगळं गुरुवारलाच गाठून येतं. शहरातल्या क्वायरसारखं सात म्हणजे सात इथं चालणार नाही. न येणं माफ करावं लागेल. न कळवणं मात्र मलाही माफ करता आलं नसतं, दुसऱ्या कोणाचं असतं तर.

हे सरांना सांगायचं होतं. चहाच्या वेळी जवळ गेले, आणि म्हटलं काय तर, "पेटीचा भाता गळते काय?" ते म्हणाले, "थोडा." झालं.

गुरुवार

बुधवारीच ग्रुपवर "येतो" टाकलं. सर्वांत आधी माझंच होतं. सरांनी अंगठा दाखवला.

आज दिवसाची लाइन, सराव सातला. मी पावणेसातला गेले तर तो टेनरमधला पोट्टा आधीच येऊन सतरंजी झाडत होता. दुकानातून थेट आला होता, डबा सोबतच. मला पाहून म्हणाला, "काकू, परवा तुमी खाली होते तं मले लय कसंतरी वाटलं." मी म्हटलं, "मले बी." एवढंच.

सरांनी नाताळचं गीत काळी दोनवरून काळी एकवर आणलं. सकाळी थंडीत कोणाचाच घसा उघडत नाही आणि मंडळीला वरचा स्वर लागत नाही. मग खर्ऱ्याचा विषय निघाला, पण तो माझ्याकडून नाही. खिडकीची भिंत पाळकसाहेबांनीही पाहिली होती.

मागच्या गीताच्या खुणा माझ्याकडे नव्हत्याच, आणि ते गीत नाताळच्या रात्री पुन्हा आहे. आल्टोतली अकरावीतली पोट्टी शेजारी बसली होती. तिची वही मागितली. प्रत्येक शब्दावर कशा बारीक, सरळ खुणा. मी उतरवून घेऊ लागले. तिसऱ्या ओळीशी आले तर तिनं बोट ठेवलं.

"काकू, इथं तुमी नका घेऊ. इथं मी घेतो. तुमी याच्या पुढं."

"पुढं कुठं?"

"'आला'च्या नंतर."

माझ्या पेन्सिलीला टोक नव्हतं. तिनं कंपासमधून शार्पनर काढून दिलं.