घोडीचे पाय

वजन उचलायचं म्हटलं की माणूस आधी वर बघतो. छपराला हूक आहे का, तुळईला दोर बांधता येईल का, वासा सोसेल का. घरच्या गॅरेजसाठी स्वतःच्या हाताने लोखंडी घोडी करायला घेतली तरी ही सवय सुटत नाही. घोडी म्हणजे गँट्री: दोन टोकांना दोन पाय, वर आडवा गर्डर, गर्डरच्या खालच्या कडांवर चालणारी ट्रॉली आणि ट्रॉलीला लोंबणारा चेन ब्लॉक, म्हणजे हाताने साखळी ओढून वजन उचलायचं यंत्र. गर्डर केवढा घ्यायचा यावर तीन संध्याकाळी खल होतो, आणि चाकं मात्र शेवटच्या दिवशी, उरल्यासुरल्या पैशांत येतात. बिघडतं ते बहुतेक खालीच.

गर्डरचं तेवढं उरकून टाकू, कारण त्याचं गणित सरळ आहे. पायांमधलं अंतर 3 मीटर, उचलायचं वजन जास्तीत जास्त 1 टन. 150 मिमी उंच, 80 मिमी रुंद, मीटरला साधारण 15 किलो भरणारा आय आकाराचा गर्डर घेतला, तर बरोबर मध्यावर 1 टन टांगल्यावर तो जेमतेम 4 मिमी लवतो. आत ताण येतो चौरस मिलिमीटरला 76 न्यूटनच्या आसपास, आणि साधं पोलाद 250 पर्यंत कायमचं वाकत नाही. हिसका, धक्का, हुकाला लटकून झोके घेणारी पोरं, सगळं धरूनही पुरतं. मात्र ‘जागा आहेच तर 4 मीटरचा करू’ असा मोह झाला तर थांबावं. लवणं अंतराच्या घनाने वाढतं, त्यामुळे तोच गर्डर 4 मीटरवर 9 मिमी लवेल. लवलेल्या गर्डरवर भरलेली ट्रॉली आपणहून मध्याकडे घरंगळते आणि टोकाकडे ढकलताना चढ चढावा लागतो. मोडीतला गर्डर घ्यायलाही हरकत नाही, फक्त त्याची खालची कड हात फिरवून बघावी. गॅसने कापल्याची खाच, जुनी भोकं किंवा मधोमध सांधा सापडला तर तो गर्डर बाकासाठी ठेवावा. लवताना सगळ्यात जास्त ताणली जाते ती हीच कड, आणि चीर खाचेतूनच सुरू होते. याच कारणाने मधल्या मीटरभरात खालच्या कडेला नवं भोक पाडू नये की वेल्डिंगचा टाका मारू नये.

उंचीचा हिशेब मात्र फसवा असतो. छत 2.7 मीटरवर आहे, भरपूर झालं, असं वाटतं. आता वजा करत या. गर्डरच्या वर 100 मिमी सोडले, गर्डर 150 चा. त्याची खालची कड आली 2450 वर. ट्रॉली आणि पूर्ण वर ओढलेला चेन ब्लॉक मिळून 400 खातात, म्हणजे हूक 2050 वर. इंजिनाला बांधायचा पट्टा 300, इंजिन स्वतः 700. इंजिनाचा तळ राहिला जमिनीपासून 1050 वर, आणि उंच गाडीच्या तोंडाची कड असते मीटरभर. हातात उरले 50 मिमी. एवढ्यात गाडीच्या टायरमध्ये हवा किती आहे यावरही हुज्जत होऊ शकते. मग लोक पट्टा आखूड करून उंची वाचवतात, आणि तिथे वेगळाच सापळा असतो. पट्ट्याच्या दोन शेपट्यांमधला कोन 60 अंश असेल तर प्रत्येकीवर वजनाच्या 58 टक्के ओढ येते. कोन 120 अंश झाला की प्रत्येक शेपटी अख्खं वजन ओढते. शिवाय इंजिनाचे कान, म्हणजे पट्टा अडकवायच्या कड्या, आतल्या बाजूला दाबले जातात ते निराळंच. उंची हवीच असेल तर ट्रॉली आणि ब्लॉक एकात बसवलेला, बुटक्या बांध्याचा प्रकार मिळतो तो घ्यावा, किंवा गाडीची पुढची चाकं काढून तिला खाली बसवावं.

आता पाय. घोडीची रुंदी, म्हणजे एका बाजूच्या दोन चाकांमधलं अंतर, उंचीच्या साधारण निम्मी तरी हवी. 2450 ला 1200. यात कंजुषी केली की घोडी चालताना नाचते. गॅरेजच्या दारातून बाहेर काढायची म्हणून पाय वरखाली होणारे करायचे असतील तर कागदावर सुचणारी पहिली युक्ती हमखास चुकते. दोन्ही तिरक्या पायांना आतबाहेर सरकणाऱ्या नळ्या केल्या, तर पाय लांबवले की त्यांची डोकी एकमेकांवर चढतात. तिरकं लांबवलं की आडवंही सरकतं, एवढंच त्यामागचं कारण. म्हणून मधे एक सरळ उभा खांब आणि त्याला दोन बाजूंनी तिरके टेकू, अशी बांधणी करावी. सरकतो तो फक्त खांब. बाहेरची नळी 100 बाय 100, भिंत 5 मिमी, म्हणजे पोटात 90 ची जागा. आतली नळी 80 बाय 80. उरलेली ढिलाई प्रत्येक बाजूला 4 मिमीची पट्टी चिकटवून भरावी. बाहेरच्या नळीच्या पोटात जोडाची उभी शिवण असते, ती बाजू आधी ओळखून त्या पट्टीत खोबण ठेवावी, नाहीतर नळी अर्ध्यावर अडकते आणि मग हातोडा बाहेर निघतो. पूर्ण उंचीवर आतली नळी बाहेरच्या नळीत निदान 400 मिमी बुडालेली हवी. 20 मिमीची पिन, 100 मिमीच्या अंतराने भोकं. भोकं ड्रिलनेच पाडावीत, गॅसने जाळून पाडलेल्या ओबडधोबड भोकात पिन एका टोकावर टेकते.

या सरकत्या खांबाचा आणखी एक उपकार आहे. घोडीने आयुष्यात पहिलं वजन उचलायचं ते स्वतःच्याच 50 किलोंच्या गर्डरचं, आणि तेव्हा ती धड उभीही नसते. खांब पूर्ण खाली ठेवून दोन माणसांनी गर्डर खांद्यावरून चढवायचा, बोल्ट आवळायचे, आणि मग जॅकने एकेक टोक एकेक भोक वर न्यायचं. एकाच टोकाला तीन भोकं वर नेण्याची घाई केली की खांब नळीत कुलूप लागल्यासारखे घट्ट होतात.

चाकांपाशी मात्र घोडं पेंड खातं. 1 टन भागिले 4 चाकं म्हणजे 250 किलो, असा हिशेब करून 300 किलोंची चाकं आणली जातात. पण ट्रॉली एका टोकाला गेली की जवळजवळ सगळं वजन त्या बाजूच्या दोनच चाकांवर येतं. त्यात ब्लॉक आणि सव्वादोनशे किलोंच्या घोडीचं अर्धं अंग मिळवा. प्रत्येक चाकावर सव्वापाचशे होतात, तेही जमीन आरशासारखी सपाट असेल तर. चार पायांचं काहीही ओबडधोबड जमिनीवर तीन पायांवर उभं राहतं हे डुगडुगणाऱ्या टेबलाने सगळ्यांना शिकवलेलं असतं, घोडीच्या वेळी ते आठवत नाही. चाक 700 किलोंच्या खालचं घेऊ नये, आणि 200 मिमीपेक्षा लहान तर नाहीच. लहान चाकाला जमिनीतली बोटभर फटसुद्धा पायरी वाटते. चाक अडतं, घोडी थांबते, पण हुकाला लटकलेलं इंजिन थांबत नाही. ते पुढे झुलतं. फरशी पोकळ बसली असेल तर कडक चाकाखाली ती बिस्किटासारखी फुटते.

यावर साधा उपाय म्हणजे चारी कोपऱ्यांना स्क्रूचे पाय. खालच्या आडव्या नळीवर नट वेल्ड करायचा, त्यातून 24 मिमीचा लांब बोल्ट उभा, बोल्टच्या टोकाला 100 बाय 100 ची प्लेट. उचलायच्या आधी चारी पाय खाली फिरवले की भार प्लेटांवर येतो आणि चाकं मोकळी होतात. याच पायांनी गर्डर पाणसळीतही आणता येतो. गॅरेजची जमीन पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती केलेली असते. शंभराला एक उतार असला तरी 3 मीटरवर 30 मिमी होतात, आणि तेवढ्यावर चांगली तेल घातलेली ट्रॉली 300 किलो घेऊन स्वतःच्या मर्जीने फिरायला निघते. पाणसळ पायांवर ठेवून उपयोग नाही, ती गर्डरच्या पाठीवरच ठेवायची.

गर्डरच्या दिशेने बघितलं तर घोडी म्हणजे नुसता चौकोन असतो, आणि चौकोनाला तिरपं व्हायला फार आवडतं. वरचे चार बोल्ट कितीही आवळले तरी ढकलल्यावर सगळं एका बाजूला झुकतं. म्हणून खांब आणि गर्डर यांच्या कोपऱ्यात 45 अंशांचा टेकू हवा, बाजूने 500 मिमी तरी. तो गर्डरच्या खालच्या कडेला बसवला तर ट्रॉली तिथेच अडते आणि 3 मीटरच्या घोडीत 2 मीटरचीच वाट उरते. म्हणून टेकू दुहेरी करावेत, गर्डरच्या दोन्ही अंगांनी ट्रॉलीला चुकवत वर नेऊन वरच्या कडेला धरावेत. काम वाढतं, पण ते वाढवावं. बोल्ट 16 मिमीचे, 8.8 प्रतीचे. गर्डरच्या कडेची आतली बाजू उतरती असते हे बोल्ट घालताना विसरलं जातं. सपाट वॉशरवर नट आवळला की तो एकाच ओठावर बसतो आणि बोल्ट मानेत वाकतो. त्यासाठी पाचरीसारखे तिरके वॉशर मिळतात. ट्रॉलीची चाकंही तशीच उतरत्या कडेसाठी वेगळी आणि सपाट कडेसाठी वेगळी असतात. आणि गर्डरच्या दोन्ही टोकांना अडसर हवाच, अगदी आज, रंग द्यायच्याही आधी.

वेल्डिंगबद्दल एकच गोष्ट जरा जवळून बघू. 4-5 मिमीची नळी 12 मिमीच्या प्लेटवर जोडायची असते. नळी लवकर वितळते, प्लेट थंडच राहते. वरून टाका सुबक, माशाच्या खवल्यांसारखा दिसतो, पण प्लेटमध्ये त्याचं मूळ गेलेलंच नसतं. तो प्लेटला नुसता चिकटलेला असतो, आणि भाराखाली ओरखडासुद्धा न ठेवता सालीसारखा सुटतो. म्हणून प्लेटवरची काळी पापडी ग्राइंडरने चकचकीत काढायची, आणि रॉडचा रोख दोन हिस्से प्लेटवर, एक हिस्सा नळीवर ठेवायचा. भार घेणाऱ्या सांध्यांना 7018 क्रमांकाचे वेल्डिंग रॉड चांगले, पण ते कोरडे हवेत. दमट खोलीत वर्षभर उघडे पडलेले 7018 वापरण्यापेक्षा ताजे, साध्या कामाचे 6013 परवडले. आधी सगळीकडे टॅक, म्हणजे तात्पुरते ठिपक्याएवढे टाके, मग कर्णांची मापं, मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने. एका बाजूने सलग ओढत नेलं की पाय केळ्यासारखा वाकतो. सांधे झाल्यावर लाल रंग आणि पांढऱ्या पावडरीची चीर-तपासणी करता येते. डोळ्यांना न दिसणारी केसभर चीर पांढऱ्यावर लाल रेघ होऊन उमटते.

ज्या वजनासाठी घोडी केली ते बिचारं सरळ खाली ओढतं. घोडी पडते ती आडव्या ओढीने. कोपऱ्यातलं यंत्र थोडं पलीकडे आहे, घोडी सरकवायचा कंटाळा आला, साखळी तिरकी नेली. आता आपल्या मापांचा अर्थ बघा. गर्डर 2450 वर, चाकं मध्यापासून 600 वर, म्हणजे साधारण 14 अंश. साखळी गर्डरच्या आडव्या अंगाला याहून जास्त तिरकी झाली की ओढीची रेघ चाकांच्या बाहेर पडते. घोडीचं स्वतःचं वजन थोडं सावरून घेतं, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये. चेन ब्लॉकचा स्वभाव असा, की हातसाखळीवर 30 किलोंच्या आसपास जोर लावला की पलीकडे टनभराची ओढ तयार होते आणि हाताला ती जाणवत नाही. इंजिनाचा एक बोल्ट काढायचा राहिलाय हे हाताला कळत नाही. गाडीची पुढची चाकं हळूच जमीन सोडायला लागतात तेव्हा ते डोळ्यांना कळतं. तेव्हा दर चार ओढींनी साखळी सोडून खाली बघायचं. उचललेलं वजन घेऊन घोडी ढकलणं शक्यतो टाळावं. इंजिन वर ठेवून गाडीच मागे ढकलावी, चाकं तिचीही आहेत. घोडी हलवायचीच असेल तर ट्रॉली मध्यावर, वजन जमिनीपासून वीतभर, आणि ढकलायचं पायांपाशी खाली वाकून.

वापराआधी एकदा सव्वापट वजनाने परीक्षा घ्यावी. 1 टनासाठी 1250 किलो, मोजून भरलेली वाळूची पोती लोखंडी पाळण्यात रचून चालतात. ब्लॉक, ट्रॉली आणि पट्टे यांना ते चालतं का हे त्यांच्यावरच्या आकड्यांवरून आधी पाहावं. गर्डरच्या दोन टोकांत सुतळी ताणून बांधायची, मध्यावरचं अंतर टिपायचं. वजन 100 मिमी उचलून दहा मिनिटं लांब उभं राहायचं, मग ट्रॉली दोन्ही टोकांना नेऊन पुन्हा तेच. उतरवल्यावर सुतळीचं अंतर पहिल्याइतकंच यायला हवं. मिलिमीटरभर जरी कमी-जास्त राहिलं तरी काहीतरी कायमचं वाकलंय किंवा सांधा सरकलाय. मग सगळ्यात कमकुवत तुकड्याचा आकडा, तो ट्रॉलीचा असो की पट्ट्याचा, गर्डरच्या दोन्ही अंगांवर ठसठशीत रंगवायचा. शेजारचा कोणी टेम्पोचं इंजिन घेऊन आला की वाद घालायला तो आकडा कामी येतो.

पहिल्या दहा-बारा उचलींनंतर सगळे नट पुन्हा आवळावेत, कारण रंग आणि बारीक खरखर दबून बोल्ट सैल पडतात. आवळून झाले की प्रत्येक नटावरून प्लेटवर जाणारी पिवळ्या रंगाची एक बारीक सरळ रेघ ओढायची. पुढे कधी ती तुटलेली दिसली, नटावरची एकीकडे आणि प्लेटवरची दुसरीकडे, तर त्या दिवशी हुकाला हात न लावता आधी पाना आणायचा.