येताना काय आणू?

डोंगरातल्या वाड्यांवर आम्ही काही जण नेमाने जातो हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "आम्हीही येऊ का? आणि येताना काय आणू?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते. पाणी आणा. स्वतःपुरतं, परतीच्या वाटेलाही पुरेल एवढं.

थट्टा करत नाही. माझ्या पहिल्या खेपेला आम्ही दहा जण होतो. घामाघूम होऊन पोचलो, एका घराच्या ओट्यावर टेकलो आणि मावशींनी पुढे केलेले तांबे रिचवत सुटलो. कुणी तोंडावर पाणी मारलं, एकाने तर बुटांचा चिखल धुतला. थोड्या वेळाने मावशींनी हंडा तिरका करून आत पाहिलं, काही न बोलता चुंबळ उचलली आणि झऱ्याची वाट धरली. मागोमाग लेकही कळशी घेऊन निघाली. आम्ही तेव्हा मुलांना वह्या वाटत होतो. हिशोब डोक्यात आला तो घरी परतल्यावर. माणशी 2 लिटर धरलं तरी दहा जणांचे 20 लिटर, म्हणजे 20 किलो. भांड्याचं वजन वेगळं, आणि वाट चढाची.

तिथे अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. उतरायला तास, चढायला दीड, ओझं असलं तर दोन. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली साधारण असाच आडाखा कागदावर मांडला : ताशी 5 किलोमीटर, वर दर 600 मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे दवाखाना 6 किलोमीटरवर आणि वाटेत 600 मीटरचा चढ असेल, तर सव्वादोन तास. तेही धडधाकट माणसाला. आजारी माणूस पाठुंगळी घेतलेल्याचा आडाखा त्यात नाही.

"मग औषधं आणू?" यावरून मी बऱ्याच जणांशी भांडले आहे. रक्तदाबाच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या द्यायच्या, फोटो काढायचे आणि उतरायचं, याला मी मदत म्हणत नाही. गोळ्या थांबल्या की दाब पुन्हा वाढतो, बहुतेकदा काहीही न जाणवता. एका आजोबांनी गोळ्यांचं रिकामं पाकीट वाशात खोचून ठेवलं होतं. चार महिन्यांनी आम्ही दिसल्यावर ते काढून माझ्या हातात दिलं. "हेच आणा परत." परत कधी, ते आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून महिन्याचा दुसरा रविवार ठरलेला. दोघंच असलो तरी जातो. दाब मोजायचं यंत्र आणि एक वही, एवढंच आमचं सामान. गोळ्या खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, ज्याच्या त्याच्या नावाच्या. आम्ही फक्त वर पोचवतो. जुने कपडे नकोत, मागचे अजून गाठोड्यातच आहेत. पेरणी-कापणीत दिवसा घरी कुणी सापडत नाही, तेव्हा आम्ही उजाडायच्या आत पोचतो.

मावशी अजूनही पाणी विचारतात. आम्ही बाटल्या दाखवतो, त्या हसतात आणि तरी अर्धा तांबा हातात देतातच. त्याला मात्र नाही म्हणू नका. आणि उरलं म्हणून अंगणात ओतू नका.